घरचा अडुळसा

एक होता राजा. नंद्या, पाणी पिऊन झालं ना? मग पड आता. मध्ये उठायचं नाही.

तर राजाचं राज्य म्हणजे नुसता उजाड माळ. पाऊस आला तर आला. म्हणून तिथली रीत काय, बरं का, दारात कुणीही आलं की आधी तांब्याभर पाणी पुढं. वैरी आला तरी पाणी!

राजाची लेक मैनावती. तिला लागला खोकला. खोकून खोकून पोरीचं चिपाड झालं. मग लांबच्या रानातून वैद्य आला. म्हणाला, "अडुळशाच्या ताज्या पानांचा रस मधातून द्या. परसातच लावा." त्यानं तीन काड्या दिल्या आणि बजावलं, "फूट येईपर्यंत ओल ठेवा, मग हात आखडता घ्या."

हात आखडतोय कसला! लेकीचा जीव त्यात. पहिल्या काडीला पानं फुटली. राजा म्हणाला, पाहुणा आला. मग राजानं तांब्या ओतला, राणीनं ओतला, येईल त्यानं ओतला. मुळं कुजली. दुसरीला तर राजानं पाटच काढून दिला, शहाणाच तो! तीही पिवळी पडून गेली. इकडे मैनेला धड बोलवेना.

उरली एकच. ती परसातल्या खडकाळ उंचवट्यावर लावली. फुटली. मग आला उन्हाळा. विहीर तळाला गेली. राजाला राहवेना. हीही वाळली तर लेक हातची जायची! आपल्या वाटणीचं पाणी घेऊन तो गेला. ओतणार, तेवढ्यात झाड बोललं. हो, बोललं! हसतेस काय गं शके?

"राजा, मी पाहुणा का घरचा?"

"घरचाच रे बाबा."

"मग घरच्याला कोण तांब्या पुढं करतं? माझं मी घेईन."

राजानं ते पाणी स्वतःच पिऊन टाकलं आणि घरी गेला.

मग मुळं गेली खोल खोल. सगळा माळ वाळला. शेळ्यांनी होतं नव्हतं ते ओरबाडलं, पण अडुळशाला तोंड लावलं नाही. कडूजहर ना! तो हिरवा तो हिरवाच. मग पानं खुडली, रस काढला, मध घातला, मैनेला पाजला. हळूहळू खोकला उतरला. एका सकाळी पोरगी ओरडली, "आई, भूक लागली!" राजा ढसाढसा रडला.

पुढं सगळी सुखानं नांदली. संपली गोष्ट, मिटा डोळे. आणि तहान लागली तर माठ तिथंच आहे. तुम्ही घरचेच ना? मग मला हाक मारायची नाही.