पोशा तांडेल आणि अडून बसलेलं गलबत

एक होता राजा. राजाशिवाय तुमच्या घशाखाली गोष्ट उतरत नाही, म्हणून होता. खरी गोष्ट पोशाची. पाय पांघरुणात घ्या आणि ऐका.

पोशा दर्याकाठचा. आधी होडीतलं पाणी उपसायचा. मग वल्हं मारायला लागला. मग सुकाणू धरलं. कुणाच्या वशिल्यानं नाही, बरं का. हाताची सालं निघाली तेव्हा पुढची जागा मिळाली. आता एकच इच्छा उरली होती, तांडेल व्हायचं. तांडेल म्हणजे सगळ्या खलाशांचा म्होरक्या. डोक्याला लाल पागोटं.

तर काय झालं, समोरच्या बेटावरची गोड्या पाण्याची विहीर आटली. माणसांचे ओठ फुटले. राजानं भलंमोठं गलबत बांधलं, हजार घागरी पाणी मावेल असं. पण गलबत किनाऱ्यावरच अडून बसलं. उधाण तीनच दिवसांचं. मग पाणी मागे हटणार, ते पंधरा दिवसांनी येणार. तोवर बेटावर कोण जगणार?

गावाचा रिवाज असा, की गलबत ओढायला घरटी एक माणूस दोराला लागायचंच. साठ घरं, साठ माणसं.

पहिल्या दिवशी एक तांडेल आला, चाबूक घेऊन. माणसं कळवळली. गलबत बोललं, "ही काय जनावरं आहेत?" आणि तसूभर हललं नाही.

दुसऱ्या दिवशी दुसरा आला, गोडबोल्या. एकेकाच्या कानात सांगितलं, "तूच माझा उजवा हात." दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं, बाबाला साठ उजवे हात आहेत! गलबत पोट धरून हसलं. हललं नाही.

तिसऱ्या दिवशी राजानं लाल पागोटं पोशाच्या डोक्यावर ठेवलं. पोशाची छाती फुगली. आणि तिथंच गडी चुकला. सवयीनं धावला, दोराचं पुढचं टोक धरलं आणि एकटाच रेड्यासारखा ओढत सुटला. हात रक्ताळले. गलबत ढिम्म. भरती ओसरायला लागली.

दोराच्या शेपटाला हिराई म्हातारी होती. तिच्या घरात दुसरं कोणी नव्हतंच. ती खेकसली, "अरे पोशा, तुझं ढुंगण बघत दोर ओढायचा का आम्ही? माझा दम कधी संपतो, कधी भरतो, दिसतं का तुला?"

"म्हातारे, मी सोडला तर ओढणार कोण?"

"मग आम्ही साठ जण काय माशा मारतोय?"

गलबत म्हणालं, "तीन दिवसांत पहिल्यांदा कुणी कामाचं बोललं."

पोशाला झोंबलं. पण खरं ते खरं. त्यानं दोर सोडला. रिकाम्या हातांची लाज वाटली त्याला. मग वळला, आणि साठ चेहरे त्याला समोरून दिसले. नजर हिराईवर ठेवली. ती धापा टाकत होती, तो थांबला. तिची छाती भरली, तशी त्यानं हाळी दिली, "हेइसा!"

साठ जणांचा एक दम. गलबत कुरकुरलं.

मग दुसरी हाळी. गलबत सरकलं.

मग तिसरी. आणि गलबत हरणासारखं उडालं, पाण्यात पडलं आणि शीड नसताना लाटांवर नाचायला लागलं!

हजार घागरी भरल्या, आणि दिवस मावळायच्या आत बेटावर पाणी पोचलं. पोशा पागोटं काढून हिराईच्या डोक्यावर ठेवायला गेला. ती म्हणाली, "काढ ते, उकडतंय मला. तूच घाल. आत्ता शोभतंय."

तेव्हापासून त्या किनाऱ्यावर तांडेल माणसांकडे तोंड करून उभा राहतो आणि उलट्या पावली चालतो. पडला तर पडला, पण पाठ दाखवत नाही.

बेटावरची माणसं पोटभर पाणी प्याली, पोशा नावारूपाला आला, म्हातारी भांडत भांडत शंभरी गाठून राहिली. सगळं बरं झालं. चला, मिटा डोळे. कोण उघडतं ते दिसतं मला. मीही तुमच्याकडे तोंड करूनच बसलोय.