सतरा तांबे आणि एक तवा

एका नदीकाठच्या गावात एक कासारीण होती. दारोदार फिरून ती बायकांना बांगड्या भरायची. त्याच गावातल्या धर्मशाळेच्या ओसरीवर एक बाई दोन लेकींना घेऊन तीन वर्षं राहत होती. पुरात तिची झोपडी वाहून गेली होती. गाव तिला 'ओसरीवाली'च म्हणे.

चौथ्या वर्षी पाटलांनी गावाची एक रिकामी खोली तिला राहायला दिली. दवंडी पिटली, "घरटी एक वस्तू आणा, बाईचा संसार उभा करू." त्या गावात पूर्वापार समजूत होती, की नव्या घराला पाण्याचं भांडं दिलं की मोठं पुण्य लागतं. मग काय! जो तो तांब्या घेऊन आला. संध्याकाळपर्यंत सतरा तांबे जमले. त्यातला एक कासारणीचाही होता, चांगला चिंचेनं घासून आणलेला.

चार दिवस झाले, तर ओसरीवाली पुन्हा धर्मशाळेच्या चुलीपाशी दिसू लागली.

"घर दिलं तरी हिला ओसरीच गोड!" वाण्याची बायको पाणवठ्यावर म्हणाली. "धर्माची गाय, अन् म्हणे दात का गं नाय!"

पाटलांच्या कानावर गेलं. तेही चिडले. "अमावास्येपर्यंत त्या घरात चूल पेटली नाही, तर खोलीत कडबा भरीन."

अमावास्येला दोनच दिवस उरले होते. कासारणीला राहवेना. सकाळीच ती खोलीवर गेली. भिंतीशी सतरा तांबे ओळीनं झळकत होते. ओसरीवालीनं त्यातल्याच एकातून तिला पाणी दिलं.

"बाई, इथं का नाही गं रांधत?"

ती खाली बघत म्हणाली, "आक्का, पीठ मळू कशात? भाकरी भाजू कशावर? धर्मशाळेत परात हाय, तवा हाय."

"मग बोलली का नाहीस?"

"लोकांनी एवढं दिलं. आणखी कोणत्या तोंडानं मागू?"

कासारणीला आपलाच तांब्या डोळ्यांत खुपला. पुण्य हवं होतं म्हणून दिला, हिला काय हवं ते विचारलंच नाही! तिनं बांगड्यांची पेटी खाली ठेवली आणि जमिनीवर मांडी घातली.

"आता तू झोपेतून उठलीस, असं समज. आधी काय लागतं?"

"केरसुणी."

कासारणीनं पदराला गाठ मारली. "मग?"

फुंकणी, परात, तवा, विळी, मिठाला बरणी. गाठीवर गाठ बसत गेली. तेवढ्यात धाकटी लेक म्हणाली, "अन् वाकळ! पांघरायला आईचं लुगडं तिघींना पुरत नाही." ती सातवी गाठ कासारणीनं जरा घट्टच मारली.

घरी तिच्याकडे दोन तवे होते. एकाला खड्डा पडलेला, त्यावर भाकरी हमखास चिकटायची. दुसरा सासूच्या वेळचा, काळाभोर, भाकरी टम्म फुगवणारा. हात आधी खड्ड्याच्या तव्याकडे गेला. मग ती थबकली. 'जो माझ्या चुलीवर नको, तो तिच्या चुलीवर का?' तिनं सासूचा तवा उचलला.

मग तवा खोलीवर पोचवून, तिथले सहा तांबे टोपलीत घेऊन ती दारोदार निघाली. पहिलं दार वाण्याचं.

"अगंबाई, दिलेलं दान परत घेऊ?" वाण्याची बायको म्हणाली. "पाप नाही का लागणार?"

"पुण्य जागच्या जागी राहतं हो वहिनी. तांब्या ठेवा अन् परात द्या. तांब्यात काही पीठ मळता येत नाही."

वाण्याची बायको हसली अन् आत गेली. आतून परात घेऊन आली, तर तिच्यात दोन शेर ज्वारीचं पीठ. "रिकामं भांडं कसं द्यायचं?" ती हळूच म्हणाली. कासारणीनं पदराची एक गाठ सोडली. दारोदार फिरता फिरता बाकीच्याही सुटल्या, शेवटी वाकळेची.

अमावास्येच्या संध्याकाळी पाटील कडब्याची गाडी घेऊन आले, तर खोलीच्या कौलांतून धूर निघत होता. ओसरीवालीनं पहिली भाकरी त्यांच्याच हातावर ठेवली. टम्म फुगलेली, खरपूस. पाटलांनी भाकरीकडे पाहिलं, सतरातल्या उरलेल्या तांब्यांकडे पाहिलं, आणि गाडी मुकाट्यानं मागं वळवली.

त्या संध्याकाळी कासारणीची भाकरी मात्र तव्याला चिकटली. तिनं ती खरवडून खाल्ली. तिला गोड लागली.

पुढच्या वर्षी आणखी एका बेघर कुटुंबाला गावानं खोली दिली. तिथं सगळ्यांच्या आधी ओसरीवाली जाऊन बसली. पदर हातात धरून म्हणाली, "आता तुम्ही झोपेतून उठलात, असं समजा. आधी काय लागतं?"

तात्पर्य: द्यायचंच असेल, तर आधी घेणाऱ्याच्या घरी घटकाभर बसावं, काय द्यायचं ते तिथंच कळतं.