हातभर वायर

"पण चाचा, वीस फुटांवरून एकाच माणसाचा आवाज उचलेल, असा शॉटगन माईक कोणता?"

निशिकांत लोहारने तिसऱ्यांदा विचारलं. तो कोल्हापुरात लग्नांचे आणि माहितीपटांचे व्हिडिओ करायचा. पाच माईकांचे आकडे त्याला तोंडपाठ होते.

खुर्शीदचाचा अत्तारांनी चाळीस वर्षं सिनेमांचं ध्वनिमुद्रण केलं होतं. ते खिडकीपाशी बसून शेंगा सोलत होते.

"असा माईक नसतो," ते म्हणाले.

"असतो. मी वाचलंय. हा बघा, बाजूचं काहीच घेत नाही..."

"बाजूचं कमी घेतो. लांबचं जवळ आणत नाही." चाचांनी मान वर केली. "आवाज कोणाचा घ्यायचाय?"

"तात्यांचा. वडिलांचा."

चाचांचे हात थांबले. गुळाच्या सौद्यात बोली पुकारणारे लोहारतात्या! तो आवाज साऱ्या मार्केट यार्डाला ठाऊक होता.

"घशाचा कॅन्सर झालाय. बुधवारी स्वरयंत्र काढणार."

"मग समोर बस आणि घे."

"माझ्याशी बोलत नाहीत ते. नऊ वर्षं झाली..." निशिकांत जमिनीकडे बघत राहिला. "आई गेली तेव्हा मी शूटिंगवर होतो. फोन बंद ठेवला होता. पोचलो तेव्हा चिता विझत आली होती."

चाचांनी शेंगा बाजूला सारल्या.

"ते पडवीत बसतात," निशिकांत म्हणाला. "आल्यागेल्याशी बोलतात. मी फाटकापाशी कॅमेरा लावीन. त्यांना कळणारही नाही."

चाचा उठले. कपाटातून फडक्यात गुंडाळलेला जुना माईक काढून त्यांनी त्याच्या हातात दिला.

"हा ने."

निशिकांतने उलटसुलट करून पाहिला. "वायर हातभरच आहे की."

"हो."

"माझ्याकडं दहा मीटरची आहे."

"ती घरी ठेव."

आठवड्यानंतर, शुक्रवारी दुपारी, निशिकांत परत आला. दाढी वाढलेली. त्याने चाचांच्या कानांना हेडफोन लावला.

चाचांनी डोळे मिटले.

आधी खुर्ची करकरली. मग श्वास. मग अगदी कानाशी, फाटलेला, घोगरा आवाज...

"निशू... जेवलास का रं?"

पुढे काहीच नाही. कुठेतरी एक कावळा ओरडला. चाचा ऐकत राहिले. दोन मिनिटं तसंच चाललं आणि रेकॉर्डिंग संपलं.

"स्वच्छ आलाय," ते म्हणाले. "श्वाससुद्धा कळतो."

निशिकांतने मान हलवली.

"तू काय म्हणालास?"

एखादी गाडी थांबवावी तसा निशिकांतने पंजा पुढे धरला.

"असं केलं?"

"आवाजाची लेव्हल बघत होतो... वाटलं, मी मधे बोललो तर रेकॉर्डिंग खराब होईल. वाटलं, ते आणखी बोलतील."

"बोलले?"

"नाही. माझ्या हाताकडं बघितलं. मग तोंड फिरवून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात नेलं. ऑपरेशन चांगलं झालं म्हणतात."

चाचांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"नऊ वर्षांनी एवढंच एक वाक्य, चाचा! आणि आता ते कधीच... मी तेच लावून बसतो. गाडीत बसून, दवाखान्याच्या दारात. आत जायला पाय उचलत नाहीत. जाऊन करू काय? कुणाशी बोलू?"

तो ओंजळीत तोंड घालून रडला. चाचांनी त्याला रडू दिलं. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आवाज गेलाय त्यांचा, बेटा. कान आहेत."