दिव्यांसमोरची खुर्ची

एकदा तासगावातल्या एका तरुणाने राहत्या घरातच फोटो स्टुडिओ उघडायचे ठरवले. निरंजन पोरे त्याचे नाव. तयार दिवे विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्याने ते स्वतःच तयार केले. तेलाचे रिकामे डबे कापले, आतून चकचकीत चंदेरी कागद डकवला, मध्ये प्रखर हॅलोजन बसवले. ते डबे बांबूंना बांधले आणि बांबू वाळूने भरलेल्या बादल्यांत रोवले. पाठीमागच्या पडद्याला घरातलीच एक राखाडी चादर पुरली.

फोटो काढण्याची विद्या त्याला शिकवणारे गुळवणी सर आयुष्यभर छायाचित्रे काढून आता निवृत्त झाले होते. दिवे पाहायला ते आले तेव्हा निरंजन अभिमानाने म्हणाला, "सर, एवढा लख्ख उजेड बाजारातल्या स्टुडिओतही नाही." सर दिव्यांभोवती एकदा फिरले आणि कोपऱ्यात बसून राहिले.

त्याच दुपारी पहिले गिऱ्हाईक आले. बेदाण्याचे व्यापारी चंद्रकांतशेठ कोठावळे आपल्या वृद्ध आईला, सुंदराबाईंना, हाताला धरून घेऊन आले. दुसऱ्या दिवशी मिरजेला आईच्या हृदयाचे ऑपरेशन होते, आणि वय पाहता डॉक्टरांनी कसलीच खात्री दिली नव्हती. घरात त्यांचा एकटीचा असा एकही फोटो नव्हता. बाजारातले स्टुडिओ माडीवर. जिने चढणे त्यांना शक्य नव्हते. फोटो आजच का हवा, हे शेठ बोलले नाहीत. पण ते सर्वांनाच कळले होते. सुंदराबाईंनाही.

त्या खुर्चीवर बसल्या. निरंजनने दिवे लावले.

"आजी, इकडे बघा. मान थोडी वर. डोळे उघडा."

सुंदराबाईंनी डोळे उघडले आणि लगेच मिटले. पदराचे टोक त्यांनी मुठीत घट्ट धरले होते.

"आई, अगं डोळे उघड ना," शेठ म्हणाले.

"उघडतेच आहे रे."

निरंजनने फोटो काढला, डोळे मिटलेले. पुन्हा काढला, चेहरा असा आखडलेला, की मुलालाही तो ओळखीचा वाटू नये. खोली तापत चालली होती. "जरा हसा, आजी," तो जवळजवळ ओरडलाच. त्यासरशी सुंदराबाईंनी पदर तोंडावर ओढला.

शेठ भडकले. "अहो पोरे, जमत नसेल तर तसं सांगा! पहाटे निघायचंय आम्हाला. पुन्हा वेळ मिळेल न मिळेल..." आणि ते एकदम थांबले. वाक्य खोलीत तसेच लोंबकळत राहिले.

तेव्हा गुळवणी सर उठले. "आक्का, तुम्ही जरा इकडे माझ्या जागी बसा," असे म्हणून त्यांनी सुंदराबाईंना हात दिला. मग निरंजनच्या हातून कॅमेरा घेतला आणि खुर्चीकडे बोट दाखवले. "तू बस."

"सर, ही काय वेळ आहे? आजींना त्रास होतोय..."

"बस."

तो बसला. सर कॅमेरा डोळ्याला लावून म्हणाले, "मान वर कर. इकडे बघ. हास." आणि नुसतेच उभे राहिले.

निरंजनच्या डोळ्यांत पाणी आले. दिव्यांपलीकडे त्याला काही म्हणजे काही दिसेना. सर नाहीत, शेठ नाहीत, भिंत नाही. कुणीतरी खाकरले. कुणीतरी जागा बदलली.

"सर, दाबा ना बटण."

उत्तर आले नाही.

"सर? आहात ना तुम्ही तिथे?"

आपल्याच घरात, आपल्याच माणसांसमोर त्याने खुर्चीची कड घट्ट धरली. सगळे आपल्याकडे पाहत आहेत आणि आपल्याला मात्र कुणीच दिसत नाही, हे त्याला सहन होईना. तो उठला आणि त्याने दिवे बंद केले.

डोळ्यांपुढची अंधारी ओसरल्यावर तो सुंदराबाईंजवळ गेला. "आजी, मी तुम्हाला दिसतच नव्हतो?"

"नुसता आवाज येत होता, बाबा," त्या हलकेच म्हणाल्या. "मागं मोतीबिंदू काढला तेव्हा असंच होतं. वर दिवा, आणि कोण काय बोलतंय ते कळंना. उद्या पण तसंच असंल."

शेठ थक्क झाले. "आई, तू कधी बोलली नाहीस."

"तूच किती घाबरलायस. तुला आणि काय सांगू?"

शेठ आईच्या पायांशी खालीच बसले. निरंजनने बांबू धरून दिव्यांचे डबे उलटे फिरवले. त्यांची तोंडे आता चुन्याच्या पांढऱ्या भिंतीकडे झाली.

"अहो, मग आईच्या तोंडावर उजेड कसा पडणार?" शेठनी विचारले.

"बघू तरी," सर म्हणाले.

दिवे लागले. भिंतीवरून परतलेला उजेड दुधासारखा खोलीभर पसरला. पुन्हा खुर्चीवर बसलेल्या सुंदराबाईंनी डोळे उघडले आणि प्रथमच समोर नीट पाहिले.

"अगं बाई, मघाशी ओरडणारा तो हाच एवढासा पोरगा होय! आवाजावरनं मला कुणी मोठा सायेब वाटला."

शेठना हसू फुटले. त्या हसणाऱ्या मुलाकडे पाहता पाहता सुंदराबाईंचा चेहरा मोकळा झाला, आणि निरंजनने बटण दाबले.

ऑपरेशन बराच वेळ चालले, पण पार पडले. आई शुद्धीवर आल्याचा शेठचा फोन आला, त्या संध्याकाळी निरंजनने सरांना विचारले, "दिवे भिंतीकडे फिरव, एवढंच तुम्ही आधी सांगितलं असतंत तर?"

"तर तू ते पाठ केलं असतंस," सर म्हणाले. "मग कुठे भिंत निळी निघाली असती, उजेडही निळा पडला असता आणि तू अडला असतास. उजेडामागे उभं राहणाऱ्याला सगळं स्वच्छ दिसतं, म्हणून त्याला वाटतं, समोरच्यालाही तसंच दिसत असेल. इतरांना उजेडात बसवणाऱ्या प्रत्येकाची ही चूक होते. शिक्षकाची होते, डॉक्टरची होते, मुलाचीही होते. तिथे बसल्यावाचून ती कळत नाही."

दुसऱ्या दिवशी एका लहान मुलीचा फोटो काढायचा होता. निरंजनने खुर्ची बाजूला केली, जिथे ती बसणार होती तिथे जमिनीवर मांडी घातली, आणि तिच्या उंचीइतका वाकून म्हणाला, "सर, आता दिवे लावा."