मुंगीचा थेंब अडला कुठे?

ओट्यावर एक लाल मुंगी राहायची. ओट्यावरच कॉफीचं एक म्हातारं मशीन होतं.

रोज सकाळी कुमुदआत्या मशीनवर कॉफी करायची. साखर घालायची. बशीत ओतून प्यायची, भुर्रक भुर्रक. बशीत एक थेंब ठेवायची. तो थेंब मुंगीचा.

एके सकाळी मशीन नुसतंच म्हणालं, घर्र घर्र. कॉफी काही येईना. आत्याने थाप मारली, धप्प. परत मारली, धप्प. तरी आपलं घर्र घर्र.

बशी कोरडी. मुंगी उपाशी. मुंगी वैतागली आणि निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

"बशीताई, बशीताई, थेंब दे ना."

"कप ओतेना, मी देईना."

मुंगी गेली कपाकडे, तुरुतुरु तुरुतुरु.

"कपदादा, कपदादा, बशी देईना. तू ओत ना."

"तोटी गळेना, मी ओतेना."

मुंगी गेली तोटीकडे, तुरुतुरु तुरुतुरु.

"तोटीबाई, तोटीबाई, कप ओतेना, बशी देईना. तू गळ ना."

"गाळणी पाझरेना, मी गळेना."

काय ही कटकट. मुंगी गेली गाळणीकडे, तुरुतुरु तुरुतुरु.

"गाळणीबाई, गाळणीबाई, तोटी गळेना, कप ओतेना, बशी देईना. तू पाझर ना."

"पंप ढकलेना, मी पाझरेना."

मुंगी शिरली मशीनच्या पोटात, तुरुतुरु तुरुतुरु.

"पंपकाका, पंपकाका, गाळणी पाझरेना, तोटी गळेना, कप ओतेना, बशी देईना. तुम्ही पाणी ढकला ना."

"घर्र घर्र. टाकी पाणी देईना, मी ढकलेना."

मुंगी चढली टाकीवर, तुरुतुरु तुरुतुरु.

"टाकीआजी, टाकीआजी, पंप ढकलेना, गाळणी पाझरेना, तोटी गळेना, कप ओतेना, बशी देईना. तुम्ही पाणी द्या ना."

टाकी म्हणाली, "बघ माझ्या पोटात. मी कधीची देतेय. घेतंय कोण?"

मुंगीने वाकून पाहिलं. टाकी काठोकाठ भरलेली. पंपाकडे जाणारी नळीही मोकळी.

मुंगी रागाने लाल झाली. तशी ती लालच होती. परत गेली पंपाकडे.

"पंपकाका, टाकी भरलेली आहे. खरं सांगा."

पंप हळूच म्हणाला, "मी झिजलोय गं. ढकलतो, ढकलतो, पाणी सरकतच नाही. सांगायची लाज वाटली."

"अहो, मग आधी सांगायचं ना. माझे पाय दुखले. सगळे सहा."

तेवढ्यात आत्याने हात उगारला. मुंगी धावली आणि बोटाला चावली, चुटुक.

"आत्या, थापा पुरे. पंपकाका झिजलेत."

"अगंबाई. आणि मी म्हाताऱ्याला मारतेय."

आत्याने प्लग काढला. जुना पंप काढला. नवा पंप आणून बसवला.

मग पंपाने ढकललं, गाळणी पाझरली, तोटी गळली, कपाने ओतलं. आत्या प्यायली, भुर्रक भुर्रक.

बशीत थेंब राहिला. मुंगीने चाटला, चट चट.

आत्याने जुना पंप खिडकीत ठेवला. त्याच्यावरही एक थेंब सांडला. इतकी वर्षं पंपाने पाणी ढकललं, पण कॉफी कधी चाखलीच नव्हती.

"घर्र," पंपकाका म्हणाले. "गोड असते होय."

थेंब संपला, बशी रिकामी. गोष्टही झाली पुरी.