साळिंदरांचे उडणारे काटे

ही गोष्ट खरे तर मी सांगायची नव्हती. तिसरीच्या मुलांसाठी एक गोष्ट लिहून दे, असे सांगताना बाईंनी बजावले होते, "शेवट गोड असू दे हं." हिचा शेवट गोड नाही. पण दुसरी लिहायला बसले की हीच आठवते, म्हणून लिहिते.

एका जंगलात साळिंदरांची एक टोळी राहत असे. दिवस मावळला की ती सगळी रांगेने पाणवठ्याकडे निघत. चालताना त्यांच्या शेपटीचे पोकळ काटे खुळखुळ वाजत आणि त्यांना तो आवाज फार आवडे. कंद उकरताना ती कुणाला विचारत नसत, वाटेत कुणी आले तर बाजूलाही होत नसत. दात झिजवायला ती जुनी हाडे कुरतडत, म्हणून त्यांच्या बिळाच्या तोंडाशी हाडे पडलेली असत. याहून मोठा गुन्हा त्यांनी कधी केला नव्हता.

पाणवठ्यावरच्या वाळलेल्या ऐनाच्या झाडावर एक कावळा बसे. तो रोज जंगलाची बातमी सांगे आणि ऐकणारे त्याच्यासाठी उंबरे, किडे असे काहीबाही आणत. एकदा तीन दिवस जंगलात काहीच घडले नाही आणि कावळा उपाशी राहिला. चौथ्या दिवशी तो साळिंदरांच्या बिळाशी गेला. टोळीतले आजोबा बाहेर ऊन खात बसले होते.

"आजोबा, जरा काटे फुलवता का? काय रुबाब आहे तुमचा!" कावळा म्हणाला. आजोबांनी काटे फुलवले. कावळ्याने इकडची तिकडची आणखी हाडे ओढून आणली, त्यांच्यापुढे रचली आणि सगळ्यांना बोलावले. "बघा, केवढी शिकार! हे काटे बाणासारखे सोडतात. वीस हातांवरून!"

ससा मागे सरत म्हणाला, "आजोबा, खरंच उडतात का हो काटे?"

काटे उडत नाहीत, हे आजोबांना ठाऊक होते. पण आजवर 'आजोबा, सरका' याखेरीज त्यांना कुणी काही म्हटले नव्हते. ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "उडवून दाखवू?" क्षणात बिळापुढची जागा रिकामी झाली.

त्या दिवसापासून कावळ्याला खाण्याची ददात राहिली नाही. टोळीलाही मजा वाटू लागली. ती दिसली की पाणवठा मोकळा होई. तरणी साळिंदरे मुद्दाम काटे वाजवत, तोंडात हाड धरून फिरू लागली. आपण कसे वागावे, हे ती आता कावळ्याचे ऐकून ठरवत. फक्त एका आईला वाईट वाटे. तिच्या पिलाशी खेळायला आता कुणी येत नसे.

उन्हाळ्यात पाणवठा आटला आणि काठाशी खोल चिखल उरला. एका संध्याकाळी ते पिलू त्यात रुतले. आई धावली, पण तीही पोटापर्यंत बुडाली आणि कशीबशी मागे आली. चिखलावर जांभळाची एक फांदी झुकली होती. तिच्यावर एक वानरी बसली होती, छातीशी तिचे बाळ होते. तिने हात देऊन ओढले असते, तर पिलू वर आले असते.

"वानरीताई, ओढ ना गं त्याला!" आई म्हणाली.

वानरीने हात खाली केला. मग बाळाकडे पाहून मागे घेतला. "काटे सुटले तर? माझ्यापाशी लेकरू आहे गं."

"नाही सुटत. कधीच सुटले नाहीत!"

"तुमच्या आजोबांनीच तर सांगितलं होतं."

आजोबा पुढे आले. त्यांचा आवाज आता घोगरा नव्हता. "मी खोटं बोललो होतो, पोरी."

"मग आता खरं बोलताय कशावरून?" हाका ऐकून लांब काठावर जमलेल्यांपैकी कुणीतरी विचारले.

सगळ्यांनी कावळ्याकडे पाहिले. त्याच्या झाडाखाली एवढी गर्दी कधीच जमली नव्हती. तो म्हणाला, "जपून हं. डावही असू शकतो. माझं काम आपलं सांगायचं."

भीतीने पिलाचे इवले काटे फुलले. "बघा, नेम धरतंय!" ससा ओरडला. वानरी एक फांदी वर सरकली. थोड्या वेळाने चिखलावर काटे दिसेनासे झाले.

दुसऱ्या दिवशी कावळ्याने बातमी दिली, "टोळीतला एक दरोडेखोर कमी झाला." त्याच्यापुढे उंबरांचा ढीग पडला.

तात्पर्य : दुसऱ्याने पसरवलेली आपली दहशत हौसेने मिरवू नये, कारण आपण मदतीला हाक मारतो, तेव्हाही लोकांना तीच ऐकू येते. आणि जे काठावर उभे राहून ऐकत असतात, त्यांच्यासाठी तात्पर्य असे, की त्यांनी निदान एकदा स्वतः जवळ जाऊन— हो आई, आले!