न दिलेले पाकीट

एका शहरात कायद्याचे एक कॉलेज होते. कॉलेजच्या मागे मुलींचे वसतिगृह होते आणि तिथे शलाका नावाची मुलगी राहत असे. तिचे वडील दूरच्या एका गावी पिठाची गिरणी चालवत.

शलाकाचे मन एका जागी ठरत नसे. दोन ओळी वाचल्या की ते भलतीकडेच जाई. शाळेत असताना डॉक्टरांनी तपासून तिला रोज सकाळी एक गोळी घ्यायला सांगितले होते. गोळीने लक्ष लागे. तिच्या आधाराने शलाका बारावी झाली आणि इथवर आली.

पहिल्या वर्षीच्या परीक्षेआधी शेजारच्या खोलीतली नेत्रा तिच्याकडे आली.

"तुझी ती गोळी एक दे ना गं. मला पुस्तकावरून हलायचंच नाहीये आज."

शलाकाने दिली. नेत्राने ही गोष्ट मैथिलीला सांगितली, मैथिलीने आणखी दोघींना. मग शलाकाचे दार सारखे वाजू लागले. मुली तिच्या खाटेवर येऊन बसत, गप्पा मारत, तिच्या वाढदिवसाला केक आणत. शाळेत वेंधळी म्हणून बाजूला पडलेल्या मुलीला एकदम माणसे मिळाली. गोळ्या पुरवता याव्यात म्हणून ती कधी स्वतःची चुकवी आणि अभ्यास मागे पडला की एकदम दोन घेई.

दुसऱ्या वर्षी तिची छाती धडधडू लागली. घास गिळवेना. कपडे अंगावर लोंबू लागले. शेवटी ती शहरातल्या, तिला गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"रोज एकच घेतेस ना?" डॉक्टरांनी विचारले.

शलाकाने सगळे सांगून टाकले.

डॉक्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "कुणाला ही गोळी वर्षानुवर्षं मानवते. तुला आता झेपत नाहीये. आपण ती बंद करू, पण माझ्या देखरेखीखाली. दर पंधरा दिवसांनी यायचं. उरलेलं पाकीट पुढच्या वेळी मला आणून दे."

"मला जड जाईल का?"

"जाईल. झोप येईल, उदास वाटेल, अभ्यास रेंगाळेल. तसं झालं की माझ्याकडे ये. लपवू नकोस."

तसेच झाले. शलाका वर्गात पेंगू लागली. एक पान वाचायला तिला तासभर लागे, आणि पान उलटले की मागचे पुसले जाई. डॉक्टरांकडे ती नेमाने जाई, पण पाकीट न्यायचे दर खेपेला राहून जाई. खरे तर तिच्याने ते नेववत नव्हते.

तिने गोळ्या बंद केल्याचे मैत्रिणींना सांगितले. नेत्रा हसून म्हणाली, "अगं, मग आमचं काय?"

हळूहळू दार वाजायचे थांबले. मेसमध्ये ती ताट घेऊन आली की त्यांच्या टेबलावर जागा नसे. भांडण कुणीच केले नव्हते, त्यामुळे समेट तरी कशाचा करायचा, हे तिला कळेना. दिवसभरात ती बोलत असे ती फक्त मेसच्या मावशींशी, आणि तेही "पोळी नको" एवढेच.

परीक्षा आठवड्यावर आली. एका दुपारी नेत्रा दोन कप चहा घेऊन आली आणि खाटेवर बसली. "किती बारीक झालीस गं," म्हणाली. दीड महिन्यात तिची कुणी चौकशी केली नव्हती.

मग नेत्राने विचारले, "एखादं पाकीट उरलं असेल ना?"

पाकीट कपाटातच होते. हो म्हटले की उद्यापासून दार पुन्हा वाजेल, हे शलाकाला ठाऊक होते. त्यातल्या दोन गोळ्या स्वतःला ठेवल्या तर न वाचलेले चार धडेही होतील, हेही ठाऊक होते.

"आहे," ती म्हणाली. "पण देणार नाही."

"तू तर घेत नाहीस. मग काय करणारेस त्याचं?"

"याआधी दिल्या, ती माझी चूक झाली. माझी छाती धडधडायची, तेव्हा तुमचं काय होत असेल हे मी कधी विचारलंच नाही. आता विचारते. तुला काही झालं होतं का?"

नेत्राने नजर खाली केली. "एकदा झालं होतं," ती हळूच म्हणाली. पण लगेच ती उठली. "ठीक आहे. बस एकटीच."

त्याच दुपारी शलाका बसने गेली आणि पाकीट डॉक्टरांच्या हातात देऊन आली. ते कुणी पाहिले नाही, कुणी शाबासकी दिली नाही. खोलीत परत आल्यावर तिला तिथली शांतता सहन होईना. तिने वडिलांना फोन लावला.

"बाबा, इथे माझ्याशी कुणी बोलत नाही."

पलीकडे गिरणीचा आवाज येत होता. तो थांबला.

"उद्या येतो," बाबा म्हणाले.

गिरणी बंद ठेवून ते आले. वसतिगृहाच्या आवारात एका बाकावर दोघे बसले. बाबांना कायद्यातले काही कळत नव्हते. शलाका मोठ्याने वाचू लागली आणि ते ऐकत राहिले. मध्येच तिचे मन उडाले.

"कुठे होते मी?"

"त्या माणसानं करार मोडला, तिथं," बाबा म्हणाले.

ती पुन्हा तिथून वाचू लागली. संध्याकाळच्या गाडीने बाबा परत गेले.

शलाकाचा एक विषय राहिला. नेत्रा आणि तिच्या मैत्रिणी सगळ्या विषयांत पास झाल्या. त्या परत तिच्याशी बोलायला आल्या नाहीत. शलाकाची छाती मात्र शांत झाली, जेवण जाऊ लागले. राहिलेला विषय तिने पुढच्या सत्रात सोडवला, जेमतेम गुणांनी. एक पान वाचायला तिला अजूनही अर्धा तास लागे. तो ती देई.

तात्पर्य: ज्या सोबतीसाठी स्वतःचे आणि दुसऱ्याचे शरीर पणाला लावावे लागते, ती सोबत सोडून द्यावी, एकटे पडावे लागले तरी चालेल, पण आपला त्रास डॉक्टरांपासून आणि घरच्यांपासून लपवू नये.